वारं सुटलं की भांडी भरायची

माझी मेस बंद करायचं ठरलं तेव्हा मी ओसाकात मुलाच्या घरी पालेभाजी निवडत बसले होते. ठरवणारे दोघं, म्हणजे मुलगा आणि सून, समोरच सोफ्यावर होते. आपण आईला विचारतोय असं त्यांना वाटत होतं. मला मात्र ते सांगतायत असंच ऐकू येत होतं.

लातुरात क्लासच्या गल्लीमागं माझं घर आहे. खाली मेस, वर मी. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी दोन्ही वेळा माझ्याकडं जेवतात. कुणी औशाची, कुणी अर्धापूरची, कुणी उदगीरपलीकडची, जिच्या घरी कानडी बोलतात. सगळ्या मला काकू म्हणतात. हे गेले त्या वर्षी मी मेस सुरू केली. मुलगा तेव्हा कॉलेजात होता आणि आज तो जपानात आहे तो याच मेसच्या भाकरीवर. हे मी त्याला कधी ऐकवत नाही. इथं लिहिलं, तेवढं चालवून घ्यावं.

झालं असं, की आदल्या उन्हाळ्यात पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना माझा पाय घसरला आणि मनगटाचं हाड मोडलं. मुलगा सुट्टी टाकून धावत आला, प्लास्टर निघेपर्यंत राहिला. जाताना एक गोष्ट मनात घट्ट बसवून गेला, की आई आता एकटी राहू शकत नाही. त्यातच शेजारच्या क्लासच्या सरांना अभ्यासिकेसाठी माझं घर भाड्यानं हवं होतं. त्यांना महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. मला "दोन महिने हवापालट" म्हणून जपानला बोलावलं होतं ते कशासाठी, हे मला ती भाजी निवडताना कळलं.

"आई, तुला आता झेपत न्हाई," मुलगा म्हणाला. "इथं राहा आमच्यासोबत. काय कमी हाय तुला?"

"एकट्या असता, आई," सून म्हणाली. "रात्री-अपरात्री काही झालं तर? आम्हाला इथं झोप लागत नाही."

सून गुणाची आहे, तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. लबाडाशी भांडता येतं, प्रेमानं कोंडणाऱ्याशी कसं भांडणार? मी रागावले की माझा आवाज चढत नाही, बारीक होतो. मेसच्या पोरींना हे पक्कं माहीत आहे. काकूचा आवाज बारीक झाला की त्या ताटातलं कारलंसुद्धा संपवतात.

टीव्ही चालू होता. त्यात निळ्या समुद्रात शेंगदाणे सांडल्यासारखी बारकी बारकी बेटं दिसत होती. एक छोटी बोट एका बेटावरून दुसऱ्यावर चालली होती. एका बेटावर पाठीत वाकलेली एक बाई उन्हात मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होती.

"तिथं कोण राहतं?" मी बारीक आवाजात विचारलं.

"कुणी न्हाई गं. तरुण पोरं समदी शहरात गेली. म्हातारी माणसं ऱ्हातात, एकेकटी."

"मग मी तिथं जाऊन येते. एकटीच."

दोघं हसले. मी हसले नाही हे पाहून थांबले. पुढं दोन दिवस घरात तोच विषय. शेवटी मीच अट घातली. तीन बेटं फिरेन, प्रत्येक बेटावर एक मुक्काम करीन, आणि रविवारी संध्याकाळी बंदरावर परत येईन. या काळात एकदाही 'मला घ्यायला या' म्हणून फोन केला, तर मेस बंद, घर अभ्यासिकेला, आणि मी मरेपर्यंत सोफ्यावर. फोन केला नाही, तर मेस बंद करायची गोष्ट या घरात पुन्हा निघणार नाही.

"आई, तू समुद्र तरी कवा पाहिलास?"

"गणपतीपुळ्याला. सहलीत."

"पाय बुडवून आलीस ती?"

"पाय बुडवून आले, पण पाय घेऊनच आले ना?"

त्यानं हात जोडले. मी जिंकेन असं त्याला वाटत नव्हतं, म्हणूनच तो कबूल झाला.

सुनेनं आपली पाठीवरची पिशवी दिली. तिच्यात मी धपाटी, शेंगदाण्याची चटणी, मोहरी, हिंग, हळद आणि लातुरातून आणलेली तूरडाळ भरली. इकडं माशाशिवाय काही शिजत नाही असं ऐकलं होतं आणि आम्ही गळ्यात लिंग बांधलेली माणसं, माशाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. आमचं एक बरं असतं, देव गळ्यातच असतो. सकाळी आंघोळ करायची, लिंग तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर डोळे मिटायचे. देऊळ शोधायची भानगड नाही. फोनमध्ये सुनेनं एक बाई भरून दिली होती. मी मराठीत बोलले की ती जपानीत बोलायची, कधी कधी माझ्यापेक्षा दुप्पट. नऊवारी नेसायचं वय गेलं, मी सहावारीच नेसले, खाली मुलाचे पांढरे बूट घातले आणि निघाले.

पहिल्याच बोटीनं माझी परीक्षा घेतली. धक्का आणि बोट यांच्यामध्ये वीतभर फट होती. ती फट एका जागी राहत नव्हती. बोट वर जायची, खाली यायची, आणि फटीत हिरवं काळं पाणी उसळायचं. बोटवाला टोपी घातलेला, माझ्याच वयाचा. त्यानं हात पुढं केला. मी त्या हाताकडं पाहत उभीच राहिले. हात धरला तर मदत घेतली असं होईल का, हा प्रश्न मला खरंच पडला होता. मागं दोन बायका भाज्यांच्या पिशव्या घेऊन ताटकळल्या. शेवटी मी पदर खोचला, लिंगाला हात लावला, बोट वर आली तशी डोळे उघडे ठेवून टांग टाकली. पलीकडं पोचले. बोटवाल्यानं आपला रिकामा हात खाली घेतला आणि टोपीला लावला. मला त्याचा तो नमस्कार फार आवडला.

पहिलं बेट मांजरांचं निघालं. माणसं बोटांवर मोजण्याइतकी, मांजरं मोजता येणार नाहीत इतकी. धक्क्यावर पाऊल टाकलं तशी सगळी माझ्यामागं लागली. मी धपाट्याचा तुकडा टाकला. त्यांनी हुंगला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मलाच लाज वाटली. आमच्याकडची मांजरं भाकरी खातात हो, पण जिथं मासा घरबसल्या मिळतो तिथं धपाट्याला कोण विचारतो! त्या बेटावर एक शाळा होती, बंद पडलेली. खिडकीतून आत पाहिलं तर छोटी बाकं एकावर एक रचून ठेवलेली. मला एकदम माझ्या गल्लीतली संध्याकाळ आठवली. क्लास सुटला की सायकली, पाणीपुरी, पोरांचा कलकलाट, रस्ता ओलांडायला जागा नसते. मी किती वेळा त्या गर्दीला शिव्या घातल्या होत्या. त्या खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात त्या परत घेतल्या.

दुसरं बेट संत्र्या-लिंबांचं. डोंगरउतारावर नुसती झाडं. अर्धापूरकडं केळीच्या बागांतून जाताना जसा ओलसर गोड वास येतो तसाच वास त्या सगळ्या बेटाला होता. रस्त्याच्या कडेला फळं मांडलेली, शेजारी पैसे टाकायला डबा, आणि राखणीला कुणी नाही. आमच्याकडं असं ठेवलं तर संत्री जातील, डबा जाईल आणि ज्या टेबलावर ठेवलं ते टेबलही जाईल. मी पैसे टाकले, पिशवी भरली, आणि समुद्राच्या कठड्यावर पाय सोडून संत्री खाल्ली. रस कोपरापर्यंत ओघळला. लग्नानंतर मी अशी, कुणाला वाढायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही, अशी कधी खाल्लेली आठवत नाही. मजा वाटत होती. चक्क मजा वाटत होती आणि ती कुणाला सांगायचीही गरज वाटत नव्हती.

रोज संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. "आई, काय करून राहिलीस?" मी म्हणायचे, "मजा." तो फोन ठेवायचा.

तिसरं बेट सगळ्यात लांबचं. तिथं दिवसातून एकदाच बोट जायची. उतरणारे आम्ही तिघं, मी आणि गळ घेऊन आलेले दोन हौशी मासेमार. मुक्कामाचं घरही एकच होतं. ते चालवणारी आजीबाई पंच्याऐंशीची तरी असेल. कमरेत काटकोनात वाकलेली, पण चालणं असं की मला मागं पळावं लागलं. डोक्याला पंचासारखं फडकं बांधलेलं. फोनमधल्या बाईनं तिला सांगितलं की मी मासे, मटण, अंडी खात नाही. आजीबाईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, मग आत जाऊन उकडलेली रताळी आणून पुढ्यात ठेवली. बोलणं संपलं. अशी माणसं मला आवडतात.

तिचं न्हाणीघर पाहून मी थक्क झाले. एवढा मोठा टब, माझ्या मेसच्या अर्ध्या पोरींची आंघोळ होईल. पण पद्धत अशी, की बाहेर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं, मगच त्या गरम पाण्यात उतरायचं, आणि तेच पाणी एकामागून एक सगळ्यांनी वापरायचं. म्हणजे पाण्याच्या बाबतीत हे लोक आमच्याइतकेच चिकट. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. टबात मात्र मी उतरले नाही. दोन तांबे काढून घेतले आणि बाहेरच बसून आंघोळ उरकली.

त्याच दिवशी, शनिवारी, दुपारी वारं सुटलं. आजीबाई शेतात कांदे काढायला गेली होती, ते दोघं खडकावर गळ टाकून बसले होते, घरात मी एकटी. खिडक्या खडखडायला लागल्या. आणि माझं डोकं आपोआप चालायला लागलं. वारं सुटलं की लाइट जाणार. लाइट गेली की मोटर बंद. मोटर बंद की टाकी रिकामी. म्हणजे आत्ता, या घटकेला, नळाला आहे तेवढंच पाणी. लातूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ज्या साली आमच्या गावाला पाणी रेल्वेनं आलं, त्या सालापासून नळाची धार ऐकली की माझा हात भांड्याकडं जातो. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि तो आला की लग्न सोडून माणसं घरी पळतात.

मी भरायला लागले. आधी टब. मग बादल्या, पातेली, कढया, परात. मग कपाटातले वाडगे. मग भात शिजवायच्या कुकरचं भांडं, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, दारूच्या रिकाम्या बाटल्या, दोन किटल्या. देवघराजवळ फुलदाणी होती, तीही भरली. मनगट दुखत होतं, पण थांबावंसं वाटत नव्हतं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मला बरं वाटलं.

आजीबाई कांद्याची टोपली घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. तिनं तोंडावर हात धरला. मग टोपली ठेवून पुढं आली, एक वाडगा उचलला आणि मोरीत ओतायला निघाली. मी आडवी आले. दोन्ही हात पसरून, अंगात आल्यासारखी. "न्हाई, आजी, न्हाई! वारं सुटलंय!" मी खिडकीकडं बोट दाखवलं, दिव्याकडं दाखवलं, दिवा गेल्याची खूण केली. तिनं शांतपणे दिव्याचं बटण दाबून दाखवलं. लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा लागला. मग माझ्याकडं असं पाहिलं, की मेसमध्ये नवी पोरगी पहिल्या दिवशी रडली की मी तिच्याकडं पाहते तसं. पाहुणी आहे, डोक्यानं थोडी कमी आहे, सांभाळून घेऊ. तिनं वाडगा परत खाली ठेवला आणि रात्रीचा स्वयंपाक त्या भांड्यांमधून उड्या मारत केला. ते दोघं मासेमार दारातून डोकावले आणि फोटो काढून गेले. मी भांडी सरळ करत राहिले. मनातून मात्र ओशाळले होते, खोटं कशाला बोलू.

सकाळी उठले तर लाइट नव्हती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळचा खांब पडला होता. नळ सोडला, तो खाकरला आणि गप्प झाला. हा खाकरा मी ओळखते. जगात कुठंही नळ एकाच भाषेत खाकरतो.

आजीबाई माझ्या मागंच उभी होती. तिनं कोरड्या नळाकडं पाहिलं, मग जमिनीवरच्या भांड्यांकडं, मग माझ्याकडं. आणि कमरेत आधीच वाकलेली ती बाई आणखी खाली वाकली, अगदी गुडघ्यापर्यंत.  मीही वाकले. आमची डोकी आपटता आपटता राहिली.

पण आनंद थोडाच टिकला. भोंग्यावरून सूचना झाली, आणि मासेमारांनी फोनवर लिहून दाखवलं. आज बोट नाही. उद्याचं उद्या.

आज रविवार होता. संध्याकाळी मला बंदरावर पोचायचं होतं.

मी बांधावर गेले. लाटा धक्क्यावरून पलीकडं पडत होत्या, खारं पाणी तोंडावर येत होतं. पहिल्यांदा मला भीती वाटली. वाटलं, इथंच काही झालं तर? आमच्यात माणसाला बसवून पुरतात. इथं मला कोण बसवणार, कोण भस्म लावणार? आणि नुसतं मरण नाही, त्याहून मोठी भीती ही की मुलाचंच खरं ठरणार. आई अडकली. आईला एकटीला सोडायला नको होतं. कोपऱ्यातला तो सोफा मला तिथं लाटांमध्ये दिसायला लागला. मी रडले. वाऱ्यात रडणं सोपं असतं, कुणाला ऐकू जात नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई! बोट बंद हाय म्हणून बातमीत सांगून राहिलेत. तू काळजी करू नको. मी येतो न्यायला."

"कशावर येतो? पोहत?"

"मी काहीतरी करतो. पोलिसांना सांगतो, कोस्टगार्डला..."

रडणं कुठल्या कुठं गेलं. माझा आवाज बारीक झाला.

"खबरदार. मी फोन केला का तुला?"

"न्हाई, पण..."

"मला न्या म्हणाले का?"

"न्हाई."

"मग ठेव. बॅटरी संपून राहिली."

घरी परत आले तर आजीबाईचाही फोन ओट्यावर थरथरत होता. तिनं पाहिलं, उचलला नाही. माझा फोन मी त्याच्या शेजारी ठेवला, तोही पुन्हा थरथरायला लागला. दोन फोन ओट्यावर नाचत होते आणि आम्ही दोघी पाहत होतो. तिनं आपल्या फोनकडं बोट दाखवून हात खांद्याइतका उंच नेला, मग आणखी उंच. मुलगा. मी माझ्या फोनकडं बोट दाखवून तेच केलं. तिनं दूर, समुद्रापलीकडं हात केला, मग मान ठामपणे हलवली. नाही, जाणार नाही. मी हसायला लागले, ती पण. एवढ्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. मग दोघींनी आपापले फोन बंद केले, तेवढीच बॅटरीची बचत.

मग मी पदर खोचला. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या त्या लोकांकडं साठवलेल्या होत्या, जपानी माणूस तसा गाफील नसतो. पण बाटलीतल्या पाण्यानं डाळ-तांदूळ कोण धुणार, भांडी कोण घासणार? कित्येक घरांत शेगडीही विजेची होती. आजीबाईकडं सिलिंडरचा गॅस होता. आणि माझ्याकडं डाळ होती. मी खुणेनं विचारलं, किती माणसं? तिनं हातानं सगळं बेट कवेत घेतलं.

एवढंच ना! मी रोज क्लासच्या पोरींना जेवू घालते.

तूरडाळ भिजत घातली. सगळ्यात मोठं पातेलं चढवलं. आजीबाईनं भात घेतला. विजेच्या कुकरची तिची सवय, पण जुना हात विसरत नाही. झाकणावर दगड ठेवला आणि कान देऊन बसली. डाळ शिजली, मी रवीऐवजी डावानं घोटली, हळद टाकली, तिच्याच शेतातले कांदे चिरले. मग तेल तापवून मोहरी, हिंग. फोडणी अशी चरचरली की मासेमार दोघं धावत आत आले. त्यांना वाटलं काही पेटलं.

बेटावरची माणसं आपापले वाडगे घेऊन आली. वाकलेली, काठी टेकत, वाऱ्यात एकमेकांना धरून. त्यांच्यात मी सगळ्यात तरुण. ओळीनं बसली. मी वाढायला उभी राहिले, आणि डाव हातात आला तशी माझी मीच मला परत मिळाले. भाताला आळं करायचं, त्यात वरण, बाजूला शेंगदाण्याची चटणी, चिमूटभर, कारण ही तोंडं कोवळी. पहिला घास घेऊन एका आजोबांना ठसका लागला. सगळे थांबले. आजोबांनी डोळे पुसले, वाडगा माझ्यापुढं केला आणि चटणीकडं बोट दाखवलं. अजून.

मग धीर आला सगळ्यांना. एका मासेमारानं तिसऱ्यांदा भात मागितला. मी दिला आणि डाव ताटलीवर आपटून म्हटलं, "टाकायचं न्हाई बरं का!" मराठीत म्हटलं. त्याला बरोबर कळलं, शीतही ठेवलं नाही. आजोबांनी शेवटी सोबत आणलेल्या मुळ्याच्या फोडीनं वाडगा पुसून घेतला. आमच्याकडं भाकरीच्या तुकड्यानं पुसतात तसा. जेवण झाल्यावर एक बाई माझ्याजवळ आली आणि माझं दुखरं मनगट दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. सुजलेलं दिसलं असेल.

त्या संध्याकाळी मी बंदरावर नव्हते. पण हरले असं मला मुळीच वाटत नव्हतं. माझं पातेलं रिकामं झालं होतं, आणि पातेलं रिकामं झालं की मेसवालीचा दिवस सार्थकी लागला.

सोमवारी वारं पडलं. खांब उभा करायला माणसं घेऊन पहिली बोट येत होती. तिच्यातूनच परत निघायला मी पिशवी घेऊन धक्क्यावर उभी राहिले. बोट जवळ आली तशी टोपीवाला ओळखीचं हसला. त्याच्या मागं, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, तोंडाशी प्लास्टिकची पिशवी धरलेला माझा मुलगा उभा होता. तोंड कसं, उकडलेल्या दोडक्यासारखं.

"आई," तो म्हणाला, "मी तुला न्यायला..." आणि पुन्हा पिशवीत वाकला.

"हाव, दिसून राहिलं," मी म्हटलं.

मधल्या फटीत पाणी अजून उसळत होतं. तो खाली पाहत होता, आणि पाय उचलत नव्हता. टोपीवाला हात पुढं करणार होता, तेवढ्यात त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला झाला. मी धक्क्याच्या कडेला पाय रोवले, आणि मोडून जुळलेला तो हात पुढं केला.

"खाली बघू नको. माझ्याकडं बघ. ये, हात दे."

त्यानं हात दिला. लहानपणी गटार ओलांडताना द्यायचा तसाच, सगळा भार टाकून. मी ओढला आणि तो आला.

बोट सुटायला वेळ होता. आजीबाईनं त्याला ओट्यावर बसवलं आणि आदल्या दिवशी वाढण्याआधीच बाजूला काढून ठेवलेलं वरण गरम करून भातावर वाढलं. तो पहिला घास घेऊन थांबला. घरातलं वरण इतक्या दूर, इतक्या परक्या हातानं वाढलेलं त्यानं कधी खाल्लं नसेल. भोवती अजूनही भरलेली भांडी होती, फुलदाणीसुद्धा. दारातून एक आजोबा आत आले, मला वाकून नमस्कार करून, रिकाम्या वाडग्यात चटणी मागून गेले.

"आई," तो म्हणाला, "हे समदं तू केलंस?"

"जेव आधी."

तो जेवला. हात धुतला. मग मोबाईल काढून दारात गेला. मी ऐकत नव्हते, पण बेट लहान होतं.

"सर, अभ्यासिकेसाठी दुसरी जागा बघा. न्हाई, घर देत न्हाई आम्ही. मेस चालू ऱ्हाणार हाय... किती दिवस? ते आईलाच विचारा."

मी पातेलं घासत होते. घासत राहिले, कारण डोळे भरून आलेले त्याला दाखवायचे नव्हते. आजीबाईनं मात्र पाहिलं. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, घडी केली आणि माझ्या पिशवीत कोंबलं. मी उरलेली डाळ तिच्या बरणीत ओतली.

बोट सुटली तेव्हा सगळं बेट धक्क्यावर होतं. आम्ही दिसेनासे होईपर्यंत ती माणसं हात हलवत होती. आजीबाई वाकलेली, एक हात कमरेवर, दुसरा वर. मुलगा खाली मान घालून पिशवी धरून बसला होता. मी वर उभी राहिले, वाऱ्याला तोंड करून, पांढऱ्या बुटात. पदर फडफडत होता आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, म्हणून एकदा ओरडले. टोपीवाल्यानं भोंगा वाजवून साथ दिली.

परतीच्या वाटेत मी फोन पुन्हा चालू केला आणि लगेच मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे माझ्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी, माझ्या मागं सगळं सांभाळणारी.

"ताई, दोन दिस फोन बंद, कुठं व्हत्या? नळ येऊन गेला. म्या समदं भरून ठिवलंय, टाकी, बादल्या, पातेली, कुकर बी. पोरी इचारून राहिल्या, काकू कवा येणार, का मेस बंद होणार म्हणून. काय सांगू त्याइला?"

मुलानं मान वर केली. त्याला ऐकू गेलं होतं. तो माझ्याकडं पाहत राहिला.

"सांग," मी म्हटलं, "मी येऊन राहिले."